श्रीवर्धनच्या वाटेवर दिव्यांचा लपंडाव

मुंबईहून श्रीवर्धनला जायचे म्हणजे पनवेलपर्यंत शहर, पळस्प्यापासून गोव्याचा रस्ता, माणगावला उजवीकडे वळायचे आणि मोर्बा, साई, घोणसे घाट, म्हसळा असे करीत समुद्र गाठायचा. एस.टी.ने हा प्रवास मी लहानपणापासून करीत आलो. स्वतःच्या गाडीने करण्याचा योग २०२२ च्या जून महिन्यात आला, आणि तो असा आला की गाडीतले दिवे, तारा आणि माझे स्वतःचे काही गैरसमज, तिन्ही तपासून निघाले.

गाडी म्हणजे फार मोठी वस्तू समजू नका. आमच्या कार्यालयातील एक साहेब निवृत्त झाले तेव्हा त्यांची २००४ सालची छोटी चारचाकी मी हप्त्याने घेतली. आईचे गुडघे दुखतात, एस.टी.ची पायरी तिला चढवत नाही, एवढेच कारण. गाडी इंजिनाला चांगली होती. पण त्या वर्षीच्या मार्चपासून तिच्या विजेला काय झाले कोण जाणे! सकाळी सेल्फ मारला की कधी चटकन सुरू व्हायची, तर कधी नुसती कट्‌कट् करायची. रात्री दिवे लावले की इंजिनाच्या तापमानाचा काटा वर सरकायचा. दिवे बंद केले की खाली यायचा. सर्वांत नवल म्हणजे, दिवे बंद असताना ब्रेकवर पाय ठेवला की समोरच्या काट्यांमागचे बारीक दिवे मिणमिणायचे. ब्रेकचा आणि त्यांचा काय संबंध?

मी गॅरेजला गेलो. एकाने बॅटरी बदलली, ३,८०० रुपये. दुसऱ्याने अल्टरनेटर उघडून दुरुस्त केला, २,२०० रुपये. रिले, बल्ब, फ्यूज आणि मजुरी मिळून आणखी दोन हजारांवर गेले. प्रत्येक वेळी आठ दिवस बरे जायचे आणि पुन्हा तेच. शेवटी एकाने सांगितले, "साहेब, पूर्ण वायरिंग बदला. पंधरा हजार." चाळीतल्या एका शेजाऱ्याने फुकटात निदान केले, "गाडीला नजर लागलीय, लिंबू-मिरची बांधा." आमच्या घरात ती पद्धत नाही, म्हणून मी हसलो. पण खरे सांगतो, न पाहता बॅटरी बदलणे आणि न पाहता लिंबू बांधणे यांत फारसा फरक नव्हता. लिंबू स्वस्त पडले असते, एवढेच.

अशा गाडीने जूनच्या दुसऱ्या शनिवारी आई, पत्नी आणि मुलगा यांना घेऊन मी निघालो. बहीण म्हसळ्याच्या पुढे, श्रीवर्धनच्या वाटेवरच्या एका वाडीत राहते. आईला लेकीकडे जायचे होते आणि मलाही बहिणीशी थोडे अवघड बोलायचे होते. ते पुढे सांगतो.

कर्नाळ्याचा सुळका ढगात अर्धा बुडाला होता. पेणजवळ रस्त्याकडेच्या कारखान्यांत गणपतीच्या मूर्ती रांगेने वाळत होत्या. वडखळला चहा झाला. या रस्त्याच्या चौपदरीकरणाचे काम २०११ साली सुरू झाले आणि वर्षानुवर्षे रेंगाळले, हे कोकणात जाणाऱ्यांना सांगायला नको. खड्डे, चिखल, वळणरस्ते आणि मधेच दोनशे पावले सिमेंटचा गुळगुळीत पट्टा. नागोठण्याची अंबा नदी लाल झाली होती. कोलाडला कुंडलिका ओलांडली आणि पावसाने खऱ्या अर्थाने धरले. माणगावला पोहोचेपर्यंत पाच वाजून गेले. दिवे, वायपर आणि काचेवरची वाफ घालवायला ब्लोअर, असे तिन्ही चालू ठेवावे लागले.

मोर्बा सोडले तसे वायपर सुस्तावले. आंबोळी उलटायला उलथने सरकवावे तसे ते काचेवरून सरकू लागले. दिवे पिवळे पडले. तापमानाचा काटा वर चढला. घोणसे घाट सुरू झाला तेव्हा समोर दहा हातांपलीकडचे दिसेना. पाठीमागे एस.टी. होती. ती सारखी हॉर्न देऊ लागली. मला राग आला. एका रुंद वळणावर मी गाडी बाजूला घेतली, तशी एस.टी.ही थांबली आणि चालकाने खिडकीतून ओरडून सांगितले, "अहो, तुम्ही ब्रेक मारला की तुमचा मागचा दिवा विझतो! मी दोनदा आदळता आदळता वाचलो. माझ्या मागं मागं या."

ब्रेक मारल्यावर मागचा लाल दिवा अधिक उजळायला हवा. आमचा विझत होता. म्हणजे ज्या क्षणी मी वेग कमी करीत होतो, नेमका त्याच क्षणी मागच्याला दिसेनासा होत होतो. मागच्या बाकावर आई आणि मुलगा बसलेले. त्या थंड पावसात माझ्या अंगाला घाम फुटला. एस.टी.च्या दिव्यांवर नजर ठेवून आम्ही म्हसळ्याला उतरलो आणि तिथून रखडत बहिणीच्या दारात पोहोचलो.

आता ती अवघड गोष्ट सांगतो. ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ श्रीवर्धन-दिवेआगरच्या किनाऱ्यावर येऊन धडकले. नारळ-सुपारीच्या बागा आडव्या झाल्या, घरांचे पत्रे आणि कौले उडाली, विजेचे खांब काडीसारखे मोडले. बहिणीच्या वाडीत कित्येक आठवडे अंधार होता. माझी भाची तेव्हा दहावीची परीक्षा देऊन बसली होती. बाहेरगावाहून आलेले वायरमन खांब उभे करीत, तारा ओढीत, तेव्हा ही पोर दिवसभर त्यांच्यामागे उभी राहून बघत असे. निकाल लागल्यावर तिने आय.टी.आय.मध्ये वीजतंत्री अभ्यासक्रमाला नाव घातले. तेव्हा मी फोनवर बहिणीला फार लागेल असे बोललो होतो. "मुलीला काय खांबावर चढवणार आहेस? बी.कॉम. कर म्हणावं. माझ्यासारखी टेबलावर बसून पगार घेईल." भाचीने ते ऐकले होते. दोन वर्षे ती माझ्याशी मोजकेच बोलत होती. आता तिचे दुसरे वर्ष संपत आले होते.

रविवारी सकाळी पाऊस उघडला. मी गावातल्या गॅरेजवाल्याची चौकशी करू लागलो, तर भाची घरातून मीटर घेऊन बाहेर आली. म्हणाली, "मामा, आधी काही खोलायचं नाही. कागद घे. काय चालू केलं की काय होतं, ते लिही."

कागदावर लिहिणे हा तर माझा धंदा. मी लिहिले: एक, ब्रेक दाबला, दिवे बंद, तर समोरचे बारीक दिवे मिणमिणतात. दोन, ब्रेक दाबला, दिवे चालू, तर मागचा दिवा विझतो. तीन, दिवे आणि ब्लोअर चालू, तर काटा चढतो, वायपर सुस्त. चार, सेल्फ मारताना कट्‌कट्. तिने कागद वाचला आणि म्हणाली, "हे एक भूत नाही, दोन आहेत. एक मागं राहतं, एक पुढं. आणि दोघांचं काम एकच."

मग तिने मला जे समजावले ते मी माझ्या भाषेत मांडतो. घरात विजेच्या प्रत्येक दिव्याला जाणारी आणि येणारी अशा दोन तारा असतात. गाडीत बहुतेक ठिकाणी जाणारी एकच तार असते. परतीची वाट म्हणजे गाडीचा लोखंडी सांगाडा. बॅटरीचे ऋण टोक सांगाड्याला बांधलेले, दिव्याची काळी तार बोल्टने सांगाड्याला बांधलेली. वीज तारेने जाते आणि पत्र्यातून परत येते. यालाच गॅरेजवाले अर्थ म्हणतात. आम्हा हिशेबवाल्यांना हे चटकन कळावे, कारण नावे टाकलेली प्रत्येक रक्कम कुठेतरी जमा झालीच पाहिजे. गेलेली वीज परत आलीच पाहिजे. परतीची सरळ वाट गंजली, तर ती आडवाट शोधते.

मागच्या दिव्याच्या बल्बमध्ये दोन तारका असतात, एक ५ वॅटची रात्रीच्या दिव्याची आणि दुसरी २१ वॅटची ब्रेकची. दोघींची परतीची वाट एकच. ती गंजली की ब्रेकची वीज छोट्या तारकेतून उलटी घुसते, रात्रीच्या दिव्याच्या तारेने पुढे येते आणि समोरच्या बारीक दिव्यांतून पत्र्याला मिळते. म्हणून ब्रेक दाबला की ते मिणमिणतात. आणि रात्रीचे दिवे आधीच चालू असतील, तर दोन्ही बाजूंनी वीज येऊन थबकते. परतायला वाट नाही, म्हणून मागचा दिवा विझतो. तीन महिने मला छळणारे कोडे अंगणात पाच मिनिटांत सुटले.

पण भाचीने त्यावर विश्वास ठेवून काम सुरू केले नाही. "समजलं म्हणजे सापडलं नाही. मोजायचं," ती म्हणाली. तिने मीटर २० व्होल्टच्या खुणेवर लावला. सगळे बंद असताना बॅटरी १२.५ व्होल्ट, म्हणजे ठणठणीत. इंजिन चालू केल्यावर १४.१, म्हणजे अल्टरनेटरही काम करीत होता. माझे सहा हजार रुपये कुठे गेले ते मला कळले. मग तिने एक लांब तार बॅटरीच्या ऋण टोकाला जोडून डिकीपर्यंत आणली. मीटरचा एक काटा त्या तारेला, दुसरा मागच्या दिव्याच्या काळ्या तारेला, आणि मला सांगितले, "ब्रेक दाब." मीटरवर सात व्होल्ट! परतीच्या वाटेवर जवळपास शून्य हवे, तिथे सात. बारापैकी सात व्होल्ट गंजच खात होता, दिव्याला उरत होते पाच.

डिकीतली चटई उचलली. कोपऱ्यात पाणी साचलेले, आणि दोन्ही दिव्यांच्या काळ्या तारा ज्या एका बोल्टला बांधल्या होत्या तो बोल्ट तांबूस भुग्यात रुतलेला. बोल्ट काढला, पॉलिश पेपरने पत्रा चकाकेपर्यंत घासला, तारेची टिकली घासली, दातेरी वॉशर घालून बोल्ट आवळला आणि वरून व्हॅसलीन फासले, ओल लागू नये म्हणून. पुन्हा ब्रेक दाबला. मीटरवर शून्याच्या आसपास. मुलगा मागून ओरडला, "पप्पा, लालभडक!"

आता पुढचे भूत. तिने मीटरचा एक काटा बॅटरीच्या ऋण टोकावर ठेवला, दुसरा इंजिनाच्या उघड्या लोखंडावर. इंजिन रबरावर बसलेले असते, त्यामुळे त्याला सांगाड्याशी जोडणारी तांब्याची विणलेली पट्टी वेगळी असते. इंजिन चालू, दिवे-ब्लोअर बंद, तेव्हा मीटर जवळपास शून्य. दिवे, वायपर, ब्लोअर लावले, आणि दीड व्होल्ट. इंजिन बंद करून पुन्हा सेल्फ मारला, आणि चार व्होल्ट! ती म्हणाली, "मामा, अॅक्सिलरेटरच्या केबलला हात लाव." केबल कोमट लागली. स्टार्टरला लागणारी जबर वीज पट्टीतून जाता येत नाही म्हणून त्या बारीक केबलमधून वाट काढीत होती. अल्टरनेटर इंजिनाला बांधलेला, म्हणून त्याची वीजही बॅटरीपर्यंत पुरी पोहोचत नव्हती. घाटात आम्ही बॅटरी खात चाललो होतो. आणि तापमानाचा काटा इंजिनाच्या लोखंडावरून माप घेतो. तिथलाच पाया सरकल्यावर काटा खोटे बोलणारच. इंजिन तापलेले नव्हतेच.

मी शहाणपणा केला, "पण गॅरेजवाल्यानं या पट्टीला मीटर लावला होता. टूँ वाजला होता." ती हसली. "तो आवाज फक्त वाट आहे एवढंच सांगतो. पायवाट आहे की हमरस्ता, ते सांगत नाही." मग कागदावर गणित केले. पट्टीचा अडथळा एका ओहमचा विसावा भाग धरा. वीस अँपिअर वाहिले तर एक व्होल्ट बुडतो. शंभर वाहिले तर पाच. मीटरच्या आवाजासाठी मात्र जेमतेम काही हजारांश अँपिअर लागतात, त्यात काहीच बुडत नाही. म्हणून जुन्या गाडीचा अर्थ तपासायचा तो भार चालू ठेवून. गाडी आराम करीत असताना सगळे सुरळीतच दिसते.

पट्टी सोडली तर टोकाला हिरवी भुकटी आणि बोल्टाखाली रंगाचा थर. कधीतरी गाडी रंगवताना कुणी रंगावरच पट्टी आवळली होती. रंगातून वीज जात नाही, बोल्टाच्या आट्यांतून जेवढी जाईल तेवढी जात होती, आणि आट्या गंजत गेल्या तशी तीही कमी झाली. पट्टी सोडण्याआधी भाचीने बॅटरीची ऋण तार काढली होती आणि सगळे झाल्यावर तीच शेवटी जोडली. ऋण तार आधी काढायची आणि शेवटी लावायची, म्हणजे पाना पत्र्याला टेकला तरी ठिणगी उडत नाही. नवी पट्टी श्रीवर्धनच्या दुकानात १८० रुपयांना मिळाली.

दुपारी चारला सेल्फ मारला. एका फटक्यात इंजिन सुरू. दिवे पांढरे, वायपर सपासप, काटा जागच्या जागी. बहीण पदराने हात पुसत दारात उभी होती. माझ्याकडे बघून एवढेच म्हणाली, "टेबलावर बसून झालं नसतं हे."

संध्याकाळी आईला घेऊन आम्ही श्रीवर्धनच्या किनाऱ्यावर गेलो. समुद्र खवळलेला होता, वाळूवर ओंडके येऊन पडले होते. वाटेवरच्या सुपारीच्या बागांत मधेमधे मोकळे आकाश दिसत होते, वादळात गेलेल्या झाडांच्या जागा. त्या जागी हात-दोन हात उंचीची रोपे लागली होती. श्रीवर्धनचा रोठा नावाजलेला, पण नवे झाड फळाला यायला काही वर्षे जातात. भाची म्हणाली, "या खाऱ्या हवेत आमच्या मीटरपेटीचे स्क्रूसुद्धा गंजतात. तुझी गाडी वर्षातून एकदा इकडं येते. आल्यावर बघत जाईन." मी तिला म्हणालो, "दोन वर्षांपूर्वी मी जे बोललो ते चुकलं." ती समुद्राकडे बघत म्हणाली, "माहितेय मामा. पण तू म्हणाला नव्हतास अजून." आईने आमच्याकडे पाहिले आणि काही बोलली नाही.

वाचकहो, आपल्यापैकी कित्येकांच्या घरात आज जुनी गाडी किंवा रिक्षा, टेम्पो असतो. बहुधा तो पोटासाठी असतो, हौसेसाठी नाही. म्हणून चार गोष्टी सांगतो. विचित्र बिघाड झाला, एक चालू केले की दुसरेच हलू लागले, तर वस्तू बदलण्याआधी परतीची वाट पाहा. बॅटरीची टोके, इंजिनाची पट्टी, दिव्यांच्या काळ्या तारांचे बोल्ट घासून घ्या. साधा मीटर चारपाचशे रुपयांत येतो. फ्यूज वारंवार जात असेल तर मोठा फ्यूज किंवा चांदीचा कागद लावू नका. १० अँपिअरच्या लाल फ्यूजच्या जागी २० चा पिवळा घातला की आतली तार जळते आणि गाडी पेटू शकते. आणि अंधार पडण्याआधी कुणाला तरी मागे उभे करून ब्रेक दाबून बघा. आपला मागचा दिवा आपल्याला कधीच दिसत नाही.

भाची त्याच वर्षी उत्तीर्ण झाली. पुढे शिकाऊ उमेदवारी करून आता ती पंप आणि मोटारींची दुरुस्ती करते; वाडीतली माणसे रात्री-अपरात्रीही तिला बोलावतात. २०२४ साली माझ्या गाडीची नोंदणी पुन्हा वाढवून घ्यायची वेळ आली. तपासणीसाने ब्रेक दाबायला सांगून मागे जाऊन पाहिले आणि कागदावर खूण केली. मी तिला लगेच फोन लावला. ती कुठल्या तरी विहिरीवर होती. म्हणाली, "मामा, नंतर बोल, दोन्ही हात कामात आहेत."